मदत हवी आहे: आषाढ महिना बिनखर्चाचा कसा काढावा?

मंडळी, येत्या आषाढात घरभाडं, वीजबिल, दूध, सासूबाईंची औषधं आणि मुलाची शाळेची रिक्षा सोडून एक रुपयाही खर्च करायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. वाचतील ते पैसे सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नं थांबतात, आहेराचा प्रश्न उरत नाही, म्हणून हाच महिना निवडला.

किराणा आधीच भरणार आहे. खरी अडचण भाजीची. पावसाळ्यात पालेभाजी महागते आणि टिकतही नाही. कांदे-बटाटे, सुरण, लाल भोपळा टिकतील. वाल, मटकी, काळे वाटाणे, सांडगे, कुळथाचं पीठ आहेच. पण दमट हवेत कडधान्याला कीड लागू नये म्हणून तुम्ही काय करता? आणि डब्यात रोज उसळ नको म्हणणाऱ्या मुलासाठी या सामानातून कोरडं काय करता येईल?

ऑफिसात वाढदिवसाची वर्गणी निघते, ती कुणाला न दुखावता कशी नाकारावी? महिनाभर यूपीआयचं ॲप काढून टाकणं जमलंय का कुणाला? ज्यांनी असा महिना खरंच काढलाय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.