अनुभव धागा: सुट्या कामांचा हिशेब कशात ठेवता?

तलावपाळीकर
माळा आवरताना जुनी कालनिर्णयं निघाली. दुधाच्या हिशेबाच्या चौकटीतच माझी मुद्रितशोधनाची कामं! 'अर्धा लि. / फॉर्म ३ दिला' (फॉर्म म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा). आकड्याला गोल म्हणजे बिल पाठवलं, गोलावर काट म्हणजे पैसे आले. एका दिवाळी अंकाचा गोल जूनपर्यंत तसाच, दर महिन्याच्या पानावर नव्याने काढलेला. भिंतीवर असल्याने सासूबाईही विचारायच्या, "त्या अंकवाल्यांनी दिले का गं?" एवढी तगादा लावणारी सेक्रेटरी कुठे मिळते? तुमचे प्रकार लिहा.

कोपरीची_ताई
मी फॉल-पिको करते. चिठ्ठी सेफ्टी पिनने साडीलाच. पिन उभी म्हणजे पैसे बाकी, आडवी म्हणजे मिळाले. वही उघडायला वेळ कुठे, गॅसवर कुकर अस

कोपरीची_ताई
*असतो. अर्धवटच गेलं.

नेरूळ_पूर्व
व्हॉट्सॅपवर 'येणे बाकी' नावाचा ग्रुप, त्यात मी एकटी. आधी नवऱ्यालाही घेतलं होतं. रोज सकाळी गुलाबाची फुलं टाकायचा, काढला.

घणसोलीवाला
😂 बिचारा

आकडेमोड
काहीही वापरा, पण रकाने दोन हवेत: बिल किती आणि हातात किती. प्रोफेशनल फीवर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापतात, आणि नुसते आलेले पैसे लिहिले की तो फरक विसरायला होतो. एकाच पार्टीकडून वर्षाला ३० हजारांच्या आत असेल तर कापायचा नसायचा, एप्रिल २०२५पासून ही मर्यादा ५० हजार झाली. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण पार्टी ३१ मेपर्यंत भरते. तेव्हा २६एएस (आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता) एप्रिलमध्ये बघून घाबरू नका, जूनमध्ये बघा.

घणसोलीवाला
आणि कापला पण भरलाच नसेल तर?

आकडेमोड
पार्टीच्या अकाउंट्सवाल्याला बिलाच्या तारखेसकट मेल करा. फोन नको, फोनवर सगळे "हो हो करतो" म्हणतात. इथे ती वही कामाला येते.

खारघर_हिल
चित्रं काढते, पुस्तकांसाठी. दुकानात असतो तसा बिलं टोचायचा खिळा आहे टेबलावर. काम गेलं की चिठ्ठी टोचायची, पैसे आले की फाडायची. फाडताना जे वाटतं ते एक्सेलमध्ये नाही. पावसाळ्यात खिळा गंजतो आणि चिठ्ठ्यांवर डाग पडतात, एवढंच.

वाशी_सेक्टर९
कालच ट्रान्सहार्बर लोकल अर्धा तास लेट. विषय वेगळा आहे, माहीत आहे, पण कुठेतरी बोलायचं होतं.

तलावपाळीकर
@वाशी बोला हो, बिनधास्त.

नेरूळ_पूर्व
ती लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही कुठे मिळेल? वाशीत सगळीकडे स्पायरलच.

कोपरीची_ताई
ठाण्यात जांभळी नाक्याला बघ. लक्ष्मीपूजनाच्या आधी तर ढीग असतो.

नेरूळ_पूर्व
शनिवारी येते मग. गाडी लावायला जागा?

कोपरीची_ताई
विसर. ट्रेननेच ये, स्टेशनवरून चालत आहे. येताना माझ्यासाठीही एक घे, पैसे लगेच देईन, पिन आडवी 😄