मदत हवी आहे: आई-बाबांसोबत झायन ते ग्रँड कॅनियन रोड ट्रिप, मोआब ठेवू की गाळू?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या मध्यावर आई-बाबांना घेऊन युटा आणि ॲरिझोनातली राष्ट्रीय उद्यानं बघायचा बेत आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो, ते दोघं संगमनेरहून आलेत. व्हेगासपर्यंत विमान, तिथून भाड्याची गाडी. बाबा बहात्तर वर्षांचे. दोन्ही गुडघे दुखरे आहेत. सपाट वाटेवर मैलभर आरामात चालतात, पण पायऱ्या आणि उतार त्यांना जड जातात. आईला रक्तदाब आहे, गोळीने आटोक्यात आहे.

ही सहल मुख्यतः बाबांसाठी आहे. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. नदीच्या खननकार्याचा धडा आला की ते फळ्यावर रंगीत खडूंनी कोलोरॅडोची घळई काढायचे: तळाशी नदी, वर एकावर एक थर. मीही त्याच वर्गात बसून ते पाहिलं आहे. प्रत्यक्षात त्यांनी ती कधी पाहिलेली नाही. त्यामुळे गाडी थांबवा, फोटो काढा, पुढे चला अशी धावपळ नको आहे. एखाद्या कठड्यापाशी त्यांना तासभर निवांत बसता आलं पाहिजे. खालचे प्रश्न कृपया याच हिशेबाने वाचा.

सध्याचा मार्ग असा: व्हेगास, स्प्रिंगडेल (झायन), ब्राइस, हायवे १२ ने टोरी (कॅपिटल रीफ), मोआब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज, ग्रँड कॅनियन साउथ रिम आणि परत व्हेगास. हाताशी नऊ रात्री आहेत. ग्रँड कॅनियनच्या नॉर्थ रिमला, म्हणजे उत्तरेकडच्या कड्यावर, गर्दी कमी म्हणून आधी तिकडे जायचं मनात होतं, पण जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळालं, त्यामुळे तो विचार सोडला.

सगळ्यात मोठा प्रश्न मोआबचा. टोरीहून मोआब साधारण दीडशे मैल, आणि तिथून मॉन्युमेंट व्हॅलीही जवळपास तेवढीच. मोआब गाळलं तर हँक्सव्हिलवरून हायवे ९५ ने, नॅचरल ब्रिजेस बघत, ब्लँडिंगमार्गे खाली उतरता येईल आणि दोन रात्री वाचतील. त्या दोन्ही मी ग्रँड कॅनियनला देईन. (नॅचरल ब्रिजेसहून मोकी डगवेचा रस्ता जवळचा आहे, पण तो कच्चा आणि तीव्र वळणांचा घाट आहे. भाड्याच्या गाडीने, आई-बाबांना घेऊन, तिथून नक्कीच जाणार नाही.)

मोआबजवळच्या आर्चेस उद्यानातल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीपर्यंत बाबा जाऊ शकणार नाहीत. जाऊन-येऊन तीन मैल, आणि बरीचशी चढण उघड्या कातळावरून, सावली नाही. विंडोजचा भाग आणि बॅलन्स्ड रॉक मात्र गाडीतळापासून अगदी जवळ आहेत. मला खरा मोह मोआबजवळच्याच डेड हॉर्स पॉइंटचा होतोय. तिथे दोन हजार फूट खाली कोलोरॅडोचं नागमोडी वळण दिसतं, म्हणजे बाबांचा अख्खा धडाच समोर. पण पेजजवळच्या हॉर्सशू बेंडलाही तीच नदी तशीच वळते आणि तिथली वाट आता रुंद आणि सौम्य उताराची केली आहे. ज्यांनी दोन्ही पाहिलं आहे त्यांनी सांगा: हॉर्सशू बेंड पाहिल्यावर डेड हॉर्स पॉइंटसाठी एवढं लांब जावं असं वाटतं का?

दुसरा प्रश्न उंचीचा. झायनच्या घळईचा तळ सुमारे चार हजार फुटांवर आहे, ब्राइसचा वरचा कडा आठ हजारांवर, आणि हायवे १२ बोल्डर माउंटनवर नऊ हजार सहाशेपर्यंत चढतो. रक्तदाब असलेल्या आई-वडिलांना ब्राइसला रात्री ठेवलंय का कोणी? की खाली ट्रॉपिकला, सहा हजार तीनशे फुटांवर, राहणं बरं? आईच्या डॉक्टरांशी बोलणार आहेच, पण अनुभव ऐकायला आवडेल. ब्राइसला त्या दिवसांत रात्री पाणी गोठतं. दिवसा वितळून भेगांत शिरायचं, रात्री गोठून फुगायचं आणि खडक फोडायचा, याच खेळातून तिथले सुळके घडले, हे बाबांनी मला आधीच दोनदा समजावलंय. त्यामुळे तिथली थंडीही त्यांना हवी आहे!

तिसरा, पेजजवळच्या अँटिलोप कॅनियनचा. ही अरुंद घळ लोअर आणि अप्पर अशा दोन भागांत आहे. लोअरमध्ये शिड्या आहेत, म्हणून ते बाद. अप्परला आत जाताना जमिनीच्या पातळीवरून जातात, पण बाहेर पडताना आता लोखंडी जिने आणि वरून वाट आहे असं वाचलं. अलीकडे कोणी ज्येष्ठांना नेलंय का? मधे बसायला जागा मिळते का? ऑगस्ट १९९७ मध्ये दूर कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा लोअरमध्ये शिरून अकरा जण गेले होते. म्हणून हवामान जराही शंकास्पद असेल तर मी तिकीट सोडून देईन.

चौथा, राष्ट्रीय उद्यानांच्या पासचा. जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतल्या रहिवाशांना वार्षिक पास ८० डॉलर आणि बाहेरच्यांना २५० डॉलर झालाय. शिवाय झायन, ब्राइस, ग्रँड कॅनियन धरून अकरा उद्यानांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जास्तीचे. माझ्याकडे रहिवाशाचा पास आहे, आई-बाबा पर्यटक व्हिसावर. एकाच गाडीतून जाताना फाटकावर प्रत्यक्षात काय विचारतात? मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप नावाहो या मूळनिवासी जमातीच्या अखत्यारीत आहेत, तिथे हा पास चालत नाही, हे माहीत आहे.

जेवणाचं सांगायचं तर आईचे नवरात्राचे उपवास याच दिवसांत येतात. भगर, साबुदाणा, दाण्याचं कूट आणि छोटा इलेक्ट्रिक कुकर सोबत घेतोय. टोरी आणि मॉन्युमेंट व्हॅलीच्या बाजूला ताजं दही, बटाटे, फळं मिळतील असं दुकान माहीत असेल तर नाव नक्की द्या.

ग्रँड कॅनियनमध्ये एक गोष्ट मात्र पक्की आहे: ट्रेल ऑफ टाइम. यावापाई भूशास्त्र संग्रहालयापासून कड्याच्या काठाने जाणारी सपाट, फरसबंद वाट. एक मीटर चाललं की दहा लाख वर्षं मागे गेलात. वाटेत त्या त्या थराचे खरे दगड मांडलेले आहेत आणि त्यांना हात लावता येतो. अगदी तळाच्या सुमारे पावणेदोन अब्ज वर्षं जुन्या खडकाला विष्णू शिस्ट म्हणतात (शिस्ट हा रूपांतरित खडकाचा एक प्रकार). समोरच्या सुळक्यांना ब्रह्मा, विष्णू, शिव यांची नावं आहेत. क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात पौर्वात्य देवतांची नावं द्यायचा प्रघात तिथे पाडला. हे ऐकल्यापासून बाबांनी वहीत सुळक्यांची यादी करायला घेतली आहे.

तर त्या वाटेवर सकाळी जावं की दुपारनंतर? समोरचे थर कधी जास्त स्पष्ट दिसतात? बाकं किती अंतरावर आहेत, की घडीचं स्टूल सोबत घेऊ? आणि हर्मिट रोडवर खासगी गाड्या बंद असताना ज्यांना चालणं कठीण जातं त्यांच्यासाठी गाडीचा परवाना मिळतो, तो कोणी घेतला असेल तर कुठे आणि कसा मिळाला तेही लिहा. खोल्या या आठवड्यात आरक्षित करायच्या आहेत, त्यामुळे निदान मोआबबद्दल लवकर कळवलंत तर फार मदत होईल.