सॉफ्ट कोरलच्या लेबलवर काय लिहू? अर्जंट मदत हवी आहे

गोंधळलेला_शंख
संग्रहाच्या कपाटात सॉफ्ट कोरलचे, म्हणजे मऊ प्रवाळांचे, चार नमुने आहेत, त्यांची लेबलं नव्याने लिहायचीत आणि सोमवारी द्यायचीत. जुन्या पुस्तकात चारही जणांना ऑर्डर (वर्गीकरणातला मोठा गट) अल्सियोनेशिया दिलीय, नेटवर बघितलं तर ती ऑर्डरच गायब, मॅलाकाल्सियोनेशिया असलं काहीतरी येतंय. खरं काय धरू? फोटो लावलाय. लेक्चर नको प्लीज, फक्त नावं सांगा.

खेकडा_तिरका
फोटोत बरणी कमी आणि मागचा पंखा जास्त दिसतोय. नमुने सुके आहेत की द्रवात? आकार, रंग, काहीच नाही लिहिलेलं. नाव काय कपाळावरून सांगू?

टाकीवाला
लाइट जास्त झाला की सॉफ्ट कोरल मिटून बसतात, घाबरू नका. प्रवाह थोडा बदला, जागा हलवून बघा. झेनिया असेल तर आठवड्यात परत मुठी उघडझाप करायला लागेल, माझ्याकडे तसंच झालं होतं.

गोंधळलेला_शंख
अहो मेलेत ते! केव्हाचे!

निवृत्त_जीवशास्त्री
ऑर्डरचं आधी सांगतो, लेक्चर वाटलं तर वाटू दे. पुस्तकही खोटं नाही आणि नेटही नाही. अल्सियोनेशिया म्हणजे कोठीची खोली झाली होती, ऑक्टोकोरलांपैकी, म्हणजे पॉलिपला आठ टेंटॅकल असलेल्या प्रवाळांपैकी, जे सी पेन (पिसासारखे) नाही आणि ब्लू कोरल नाही ते सगळं तिच्यात. डीएनए बघितल्यावर कळलं की सी फॅन, म्हणजे पंख्यासारखे फांद्यांचे प्रवाळ, हा काही एक वंश नाहीच, ते अनेक फांद्यांवर विखुरलेत. म्हणून २०२२ मध्ये मॅकफॅडन आणि सहकाऱ्यांनी ऑक्टोकोरॅलिया हा क्लास धरून दोनच ऑर्डर ठेवल्या, मॅलाकाल्सियोनेशिया आणि स्क्लेराल्सियोनेशिया. सी पेनची वेगळी ऑर्डर होती ती गेली, ते दुसरीत आले. आता नमुन्यांचं वर्णन द्या.

गोंधळलेला_शंख
१) बरणीत, मशरूमसारखा, देठ आणि वर घड्या पडलेली टोपी. २) लाल नळ्यांचा गठ्ठा. ३) काळी झुडपासारखी फांदी, सुकी. ४) जाड पाट्यांचा दगडासारखा तुकडा, वरून मळकट. याचा टवका उडालाय तिथे आतून निळा आहे, कुणीतरी रंग लावला असावा. सगळे सॉफ्टच आहेत, कपाटावर तसं लिहिलंय.

खेकडा_तिरका
कपाटावर लिहिलंय म्हणे :) अरे ४ नंबरला कुणी रंग लावलेला नाही, तो हेलिओपोरा, ब्लू कोरल. सांगाडा मुळातच निळा असतो. दगडासारखा कडक असला तरी पॉलिपला आठ पिसासारखे टेंटॅकल, म्हणून ऑक्टोकोरलच. ऑर्डर स्क्लेराल्सियोनेशिया. २ नंबर ऑर्गन पाइप, ट्युबिपोरा, तो मात्र मॅलाकाल्सियोनेशियात. म्हणजे कडकपणावरून काही ठरवू नकोस.

पोपटी
३ नंबर सी फॅन. डोळे झाकून लिही.

निवृत्त_जीवशास्त्री
डोळे उघडून लिहा. ब्लॅक कोरलही असू शकतो आणि तो ऑक्टोकोरल नाहीच, सी अ‍ॅनिमोन आणि दगडी प्रवाळांच्या बाजूचा, हेक्साकोरल. सुक्या फांदीवर टेंटॅकल मोजता येत नाहीत, म्हणून भिंगातून काळा दांडा बघा. बारीक काटे दिसले तर ब्लॅक कोरल. सी फॅनचा दांडा बहुधा गुळगुळीत असतो, वर साल उरली असेल तर त्यात चुन्याचे कण, म्हणजे स्क्लेराइट असतात.

पोपटी
माझ्याकडच्या सी फॅनचा दांडा पण काळाच आहे.

निवृत्त_जीवशास्त्री
काळाच असतो हो, गॉर्गोनिन नावाच्या प्रथिनाचा. म्हणून तर रंग नका बघू म्हणतोय.

गोंधळलेला_शंख
काटे आहेत, बोटाला खरखरीत लागतं. साल नाही. म्हणजे इतकी वर्षं चुकीच्या कपाटात??

जनुकप्रेमी
एवढा घोळ कशाला, १ नंबरचा तुकडा देऊन एमटीम्यूटएस सिक्वेन्स करा. हा जीन ऑक्टोकोरलच्या मायटोकॉन्ड्रियात असतो, लगेच कळेल.

खेकडा_तिरका
सोमवारपर्यंत? आणि ऑक्टोकोरलचे मायटोकॉन्ड्रियल जीन इतके हळू बदलतात की जवळच्या स्पीशीजमध्ये कधीकधी फरकच दिसत नाही. शंख, तू देठाचा नखाएवढा तुकडा ब्लीचमध्ये टाक, मांस विरघळतं, स्क्लेराइट तळाला बसतात, ते मायक्रोस्कोपखाली बघ. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नकोस, विषारी वायू होतो.

गोंधळलेला_शंख
टाकला. सगळंच विरघळलं, तळाला काहीच नाही. आता काय?

निवृत्त_जीवशास्त्री
बरणीत द्रव कोणता आहे?

गोंधळलेला_शंख
फॉर्मॅलिन. अजून कोणता असणार?

खेकडा_तिरका
हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं होतं रे! फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि स्क्लेराइट खाऊन टाकतं, म्हणून तर हे नमुने अल्कोहोलमध्ये ठेवतात. डीएनएची पण आशा सोड. आणि फॉर्मॅलिनचा तुकडा न धुता ब्लीचमध्ये टाकला असशील तर पुढच्या वेळी तसं करू नकोस.

जनुकप्रेमी
फॉर्मॅलिनमधूनही कधीकधी डीएनए मिळतो हं.

खेकडा_तिरका
कधीकधी.

निवृत्त_जीवशास्त्री
भिंगातून टोपीवर बघा, मोठ्या पॉलिपांच्या मध्ये बारीक ठिपके दिसतात का? ते सिफोनोझूइड, पाणी खेळवणारे पॉलिप. अशा सॉफ्ट कोरलच्या तीन जीनसपैकी सायन्युलॅरियात एकाच प्रकारचे पॉलिप असतात, सार्कोफायटॉन आणि लोबोफायटममध्ये दोन. त्यात लोबोफायटमच्या टोपीवर बोटं किंवा कंगोरे उभे असतात.

गोंधळलेला_शंख
ठिपके आहेत, कंगोरे नाहीत, नुसत्या कडेला घड्या. मग सार्कोफायटॉन, आणि स्पीशीजच्या जागी?

निवृत्त_जीवशास्त्री
मोकळी ठेवा. स्क्लेराइटशिवाय स्पीशीज लिहिलीत तर पुढचा माणूस तीच खरी धरेल. ऑर्डर मॅलाकाल्सियोनेशिया लिहा, आणि 'फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला' हेही लिहा.

पोपटी
अवांतर: अंगठीतलं पोवळं यातच येतं का?

खेकडा_तिरका
हो, कोरॅलियम, तेही ऑक्टोकोरल. स्क्लेराल्सियोनेशिया.

टाकीवाला
मशरूमवाला मेलाय हे नक्की ना? टोपीवर मेणासारखा पापुद्रा आला की लोक मेला समजून फेकतात, तो फक्त कात टाकत असतो.