आईसाठी टीव्हीवर मराठी ॲप्स टाकायचीत, मदत हवी

प्रेषक: एडिसन, मराठी शाळेतली ताई
सोमवार, सकाळी ६:५०

नमस्कार मंडळी,

आई परवा साताऱ्याहून इथे न्यू जर्सीला आली, ऑक्टोबरपर्यंत आहे. आम्ही दोघंही साडेसातला घर सोडतो, मुलं त्यानंतर बसने शाळेत, म्हणजे दुपारी साडेतीनपर्यंत घरात आई एकटी. तिला रोजच्या मालिकांची सवय आहे आणि त्या नसल्या की तिला घर खायला उठतं. मागच्या खेपेला मी बघितलंय, सारखी खिडकीशी जाऊन बसायची आणि विचारलं की म्हणायची, काही नाही गं, बर्फ बघत होते.

टीव्ही सॅमसंगचा आहे, सहा-सात वर्षं झाली असतील. काल रात्री झी५ टाकायला बसले तर आधी सॅमसंगचं अकाउंट मागितलं, मग त्याचा पासवर्ड, तो बाणांनी एकेक अक्षर शोधत टाकताना दोनदा चुकला, शेवटी एकदाचं ॲप आलं तर त्यात भारतातला प्लॅन चालेना. भावाने तिकडे वर्षाचे पैसे भरलेत, तोच नंबर, तोच पासवर्ड, मग इथे का नाही? ऑनलाइन शोधलं तर एका ठिकाणी लिहिलंय की एपीके फाइल पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावा, सगळं फुकट दिसतं. कोणी केलंय का असं? प्लीज जरा नीट सांगा. मला आईच्या हातात रिमोट देऊन निर्धास्त ऑफिसला जायचंय.

प्रेषक: पार्सिपनी, गणपतीच्या साउंड सिस्टीमवाला दादा
सोमवार, दुपारी १२:२०

ताई,

आधी एपीकेचं सांगतो. ते करू नका, आणि तुमच्या टीव्हीवर ते होणारही नाही. एपीके ही अँड्रॉइडची फाइल. सॅमसंगच्या स्मार्ट टीव्हीत २०१५ पासून टायझन नावाची वेगळीच सिस्टीम आहे, एलजीत वेबओएस, तिथे ती फाइल उघडतसुद्धा नाही. सोनी, टीसीएल वगैरेंच्या ज्या टीव्हींत अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही असतो तिथे ती चढते, पण फोनचं ॲप बोटाने दाबायला बनवलेलं असतं, रिमोटच्या बाणांना ते दाद देत नाही, आई बिचाऱ्या बाण दाबत बसतील आणि पडद्यावर काहीच हलणार नाही. शिवाय ती फाइल कुणी बनवली, आत काय घातलंय, हे आपल्याला कळायला मार्ग नाही, आणि त्याच टीव्हीत तुमचं कार्ड जोडलेलं अकाउंट उघडं असतं.

आता प्लॅनचं. ॲपचं नाव तेच दिसलं तरी कार्यक्रमांचे हक्क देशागणिक वेगळे असतात, म्हणून भारतातला प्लॅन इथे चालत नाही. झी५ अमेरिकेत जून २०२१ मध्ये आलं, त्याचा इथला प्लॅन डॉलरमध्ये, वेगळा घ्यावा लागतो. व्हीपीएनच्या, म्हणजे आपण भारतातच आहोत असं ॲपला भासवायच्या, भानगडीत पडू नका, ते ॲपच्या नियमांत बसत नाही आणि आज चाललं तर उद्या बंद पडतं, नेमकं तुम्ही ऑफिसात असताना.

पैसे भरायच्या आधी आईंना एवढंच विचारा की मालिका कुठल्या चॅनेलवरच्या बघता. झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचं भारतात जिओहॉटस्टार, पण इथे जरा जपून, कारण इथलं जुनं हॉटस्टार २०२२ च्या शेवटी बंद झालं आणि त्यावरचं बरंचसं हुलू या इथल्या ॲपवर गेलं, मग तिकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, त्यामुळे दोन-चार वर्षांपूर्वीचे लेख वाचून ॲप शोधत बसलात तर दिवस जाईल. फोनवर ॲप टाका, मालिकेचं नाव टाइप करा आणि कालचा भाग दिसतोय का ते बघा. दिसला तरच कार्ड काढा. आणि पहिल्यांदा महिन्याचाच घ्या, वर्षाचा नको.

टाकायची पद्धत सोपी आहे: रिमोटवर घराचं चित्र, मग ॲप्स, तिथे भिंगाचं चित्र, नाव, इन्स्टॉल, आणि शेवटी ॲड टू होम विसरू नका, नाहीतर ॲप आत कुठेतरी राहतं आणि आईंना सापडत नाही. बाणांनी पासवर्ड टाकायचा त्रास वाचवायचा असेल तर घरातला साधा यूएसबी कीबोर्ड टीव्हीच्या मागे लावा, चालतो. आता एक महत्त्वाचं. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात स्मार्ट फीचर्स, तिथे ऑटोरन लास्ट ॲप असं असतं, ते ऑन करा. टीव्ही लावला की शेवटी जे ॲप उघडं होतं तेच थेट उघडतं. माझ्या मते आईसाठी ॲप टाकणं हे अर्धंच काम आहे, तिला कोणाला फोन न करता ते स्वतः लावता आलं तर ते झालं म्हणायचं.

प्रेषक: इझेलिन, माजी खजिनदार काका
सोमवार, संध्याकाळी ७:०५

दादाने लिहिलंय ते बरोबर आहे, त्यात माझी एक भर. "एकदाच पैसे भरा, हजार चॅनेल कायमचे" असा बॉक्स आम्ही एका दुकानातून घेतला होता. हिच्या वडिलांसाठी. चार महिने सगळं दिसलं, आयपीएलसुद्धा, आणि पाचव्या महिन्यात एका रविवारी सकाळी पडदा काळा. दुकानदार म्हणाला सर्व्हर बदललाय, पुन्हा पैसे भरा. भरले. तीन आठवड्यांनी परत तेच. चोरीचा माल होता हे तेव्हा नीट कळलं, आणि तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? सासऱ्यांना वाटलं त्यांच्याच हातून रिमोटचं काहीतरी बिघडलं, ते दोन दिवस रिमोटला हात लावेनात. पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं. कृपा करून कोणी असला बॉक्स घेऊ नका.

प्रेषक: ईस्ट ब्रन्सविक, ग्रंथालयाची काकू
सोमवार, रात्री ९:४०

ताई, मी हे कधी आपल्या मेल लिस्टवर लिहिलं नव्हतं पण आज लिहिते, कारण तुझ्या आईवर ही वेळ यायला नको.

गेल्या वर्षी नवीन टीव्ही आणला, ॲप टाकलं, पडद्यावर मोठ्या अक्षरांत कोड आला आणि खाली पत्ता, की या पत्त्यावर जाऊन हा कोड टाका. चष्मा वरच्या मजल्यावर, पत्ता नीट दिसेना, म्हणून मी फोनवर नुसतं ॲपचं नाव आणि ॲक्टिव्हेट असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं ते दाबलं. हुबेहूब तसंच पान, तोच रंग, कोडची चौकट. कोड टाकला तर म्हणे एरर, या नंबरवर फोन करा. फोन केला. माणूस इतका गोड बोलला, आंटी आंटी करत, हिंदीत. म्हणाला तुमच्या घरच्या नेटवर्कमध्ये दोष आहे, ॲक्टिव्हेशनचे ९९ डॉलर भरा आणि लॅपटॉपवर एक छोटं सॉफ्टवेअर टाका, मी इथून दुरुस्त करतो. मी कार्डाचा नंबर दिला. सॉफ्टवेअर टाकलं. मग पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला आणि माझ्या बँकेच्या पानाकडे जायला लागला, तेव्हा छातीत धस्स झालं. मी लॅपटॉपची बॅटरी चालू असतानाच वायफायचा राउटर भिंतीतून उपटला.

कार्ड बंद केलं, बँकेचे सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले, लॅपटॉप मुलाने पूर्ण पुसून पुन्हा भरला. ९९ डॉलर बँकेने पुढे परत दिले, पण महिनाभर झोप नव्हती.

टीव्हीवर कोड टाकायला, ॲप चालू करायला कोणीही पैसे घेत नाही. ॲपच्या प्लॅनचे पैसे वेगळे, ते ॲपमध्ये किंवा त्यांच्या खऱ्या साइटवर. पत्ता टीव्हीच्या पडद्यावर असतो तोच अक्षर न् अक्षर फोनच्या वरच्या पट्टीत टाकायचा, शोधायचा नाही. दिसत नसेल तर फोनने पडद्याचा फोटो काढायचा आणि मोठा करून वाचायचा. आणि कोणी फसलंच तर लाजून गप्प बसू नका, बँकेला लगेच कळवा, आणि एफटीसीच्या (ग्राहकांची फसवणूक बघणारं इथलं सरकारी खातं) रिपोर्टफ्रॉड या साइटवर तक्रार करता येते, मीही केली.

प्रेषक: पार्सिपनी, दादा
मंगळवार, सकाळी ८:१०

काकू, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. राउटर उपटलात हे त्या क्षणी सगळ्यात योग्य होतं.

रोकू, म्हणजे टीव्हीवर ॲप्स दाखवणारं ते छोटं यंत्र, वापरणारे आपल्यात खूप आहेत, त्यांनी हे वाचून ठेवा: रोकू चालू करायला ॲक्टिव्हेशन फी नसते, कंपनी स्वतःच तसं सांगते, तरी त्याच नावाने लोकांना गंडवतात.

अजून एक गोष्ट राहिली होती. प्लॅन कुठून घेतला ते लिहून ठेवा. ॲमेझॉनच्या स्टिकवरून घेतला तर ॲमेझॉनमधून बंद करायचा, रोकूवरून घेतला तर रोकूमधून, साइटवरून घेतला तर साइटवरून. आई परत गेल्या आणि आपण टीव्हीवरून ॲप काढून टाकलं म्हणजे पैसे थांबले असं होत नाही, ॲप जातं, कार्डावरचं बिल चालूच राहतं. परतीच्या तिकिटाची तारीख कॅलेंडरमध्ये असते ना, तिच्याच आदल्या आठवड्यात "प्लॅन बंद करणे" लिहा. आणि प्राइम व्हिडिओ असेल तर खरेदीला पिन लावा, तिथे फुकटचं आणि विकतचं शेजारी शेजारी असतं, ओके दाबलं की सिनेमा भाड्याने घेतला जातो.

प्रेषक: एडिसन, ताई
बुधवार, रात्री १०:१५

दादा, काकू, काका, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काकू, तुमची मेल मी आईला मोठ्याने वाचून दाखवली, ती म्हणाली त्या बाईंना एकदा जेवायला बोलव.

झालं असं की झी५ चा इथला महिन्याचा प्लॅन घेतला, कोड फोटो काढून टाकला, पहिल्याच झटक्यात लागला. पण मालिका मधेच थांबते, गोल गोल फिरत राहतं. राउटर बेसमेंटमध्ये आहे, टीव्ही वर हॉलमध्ये. नेट ३०० एमबीपीएसचं घेतलंय, तरी का?

प्रेषक: पार्सिपनी, दादा
बुधवार, रात्री १०:५५

३०० राउटरपाशी आहे, टीव्हीपाशी किती पोचतं ते महत्त्वाचं. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोरकेला १५ सांगतं, म्हणजे गरज फार नाही, पण बेसमेंटची स्लॅब आणि मधला फ्रीज यांतून राउटरच्या दोन वायफायपैकी ५ गीगाहर्ट्झचं नीट चढत नाही. टीव्हीला २.४ वालं नेटवर्क लावून बघा, ते वेगाला कमी पण भिंतींतून जास्त लांब जातं. त्याने नाही भागलं तर सरळ केबल, वायफायचा प्रश्नच मिटला. माझ्याकडे ५० फुटांची पडून आहे, स्नेहसंमेलनाच्या प्रोजेक्टरची.

आणि त्याआधी टीव्ही एकदा खराखुरा बंद करा. रिमोटचं पॉवर बटण नुसतं दाबलं की तो फक्त झोपतो. बटण दाबून धरा, पडदा बंद होऊन सॅमसंगचं नाव परत येईपर्यंत. नको असलेली ॲप्स पण काढा, या टीव्हींत जागा फोनच्या मानाने फारच कमी असते, भरली की सगळंच रडतखडत चालतं.

प्रेषक: मोनमाउथ जंक्शन, नवीन सभासद
गुरुवार, सकाळी ९:३०

नमस्कार, मी तीन महिन्यांपूर्वीच आलोय, लिस्टवर पहिल्यांदाच लिहितोय. आमच्याकडे गूगल टीव्ही आहे, आणि बाबांना समोर सारख्या सिनेमांच्या जाहिराती दिसतात, त्यात त्यांना त्यांचं ॲप सापडत नाही. ॲप पण प्ले स्टोअरमध्ये दिसत नव्हतं कारण माझं गूगल अकाउंट अजून भारताचं आहे.

प्रेषक: पार्सिपनी, दादा
गुरुवार, दुपारी १२:४०

स्वागत! सेटिंग्ज, अकाउंट्स, तुमचं अकाउंट, तिथे ॲप्स ओन्ली मोड आहे, तो लावा. शिफारशी जवळजवळ सगळ्या जातात, ॲप्स राहतात. बोलून शोधायचं मात्र त्यात बंद होतं, बाबा माइक वापरत असतील तर आधी त्यांना विचारा. मग त्यांच्या ॲपवर ओके दाबून धरा, मूव्ह घ्या, पहिल्या जागी आणा.

प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, आणि तिकडची शिल्लक इकडे वापरता येत नाही, म्हणून घाईने बदलू नका. टीव्हीसाठी इथलं एक नवीन अकाउंट काढलंत तर तुमचं जुनं आहे तसं राहील. शनिवारी मराठी शाळेत येताय का? तिथे बसून करून देतो.

प्रेषक: एडिसन, ताई
शुक्रवार, रात्री ९:२०

केबल लावली. दादा काल ऑफिसातून परस्पर आले, जिन्याच्या कडेने चिकटवून दिली, चहासुद्धा उभ्यानेच घेतला. आता एकदाही थांबत नाही.

आज दुपारी घरी फोन केला तर आईने उचललाच नाही, मी घाबरले, दहा मिनिटांनी तिचाच आला, म्हणाली अगं मालिका चालू होती. तिकडची रात्री आठची मालिका म्हणजे इथले सकाळचे साडेदहा, तेव्हा ती जेवणाआधी कालचा भाग बघते आणि मग भावाच्या बायकोला व्हॉट्सॲपवर सांगते काय झालं ते, कारण तिकडे तिला ऑफिसमुळे बघायला मिळत नाही.

रिमोटवर ओकेच्या बटणावर मी लाल नेलपॉलिशचा एक जाड थेंब सुकवून ठेवलाय, बोटाला लागतो, खाली बघावं लागत नाही. आणि तिने स्वतः कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेनने लिहून ते टीव्हीशेजारी टाचणीने लावलंय: "१. पॉवर. २. थांबणे. (घाई नको.) ३. लाल ठिपका. ४. आवाज उजवीकडे. ५. काही विचारले तर मागे यावे, नंबर देऊ नये." पाचवं मी सांगितलं नव्हतं, काकू, ते तुमच्या मेलवरून तिने लिहिलं.

सोनीलिव्ह पुढच्या महिन्यात घेऊ. काकू, रविवारी दुपारी याल का? आई पुरणपोळी करते म्हणतेय.