लिहिणाऱ्या बायका गावच्या फलकावर का नकोत?

दर्यापूरकडची बाई
आमच्या गावच्या वाचनालयात १५ ऑगस्टला स्वातंत्र्यसैनिकांचा फलक लागणार आहे. सभेत यादी वाचली. १४ नावं, सगळी पुरुषांची. खाली एक ओळ, ‘तसेच असंख्य माता-भगिनी’. मी म्हटलं, त्यातल्या काहींची नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्या लिहीत होत्या. त्यांना वर घ्या. उत्तर आलं, “बाई, लिहिणं वेगळं, लढणं वेगळं.” मला हे मुळीच पटलेलं नाही.

अवंतिकाबाई गोखल्यांचं घ्या. १९१७ साली बिहारमधल्या चंपारणच्या खेड्यात राहून त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहात काम केलं आणि १९१८ मध्ये मराठीत गांधीजींचं चरित्र लिहिलं. प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. तेव्हा असहकार व्हायचा होता, दांडी तर फारच लांब. सुभद्राकुमारी चौहान १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात जबलपूरहून नागपूरला आल्या आणि अटक करवून घेतली, वय जेमतेम १८. ‘झाँसी की रानी’ ही कविता त्यांचीच. १९४२ ला पुन्हा तुरुंगात गेल्या. यांना लढणाऱ्या म्हणायचं नाही तर कुणाला म्हणायचं?

कापूसवाला, पुसद
बाई, तुमचा मान ठेवून सांगतो, मी विरोधात आहे. १० जुलै १९३० ला वऱ्हाडातले पुढारी बापूजी अणे यांनी आमच्याकडे राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. मागून बायाही विळे घेऊन निघाल्या. माझी पणजी त्यात होती. तिचा विळा अजून गोठ्यात आढ्याला खोचलेला आहे. मूठ बाभळीची, पातं झिजून बोटभर राहिलं. कागदावर जन्मभर अंगठाच दिला तिनं. तिच्यासारख्यांनी कुणाचं पुस्तक वाचून विळा उचलला नाही. गवत त्यांच्याच ढोरांचं होतं, बंदी त्यांच्यावरच होती.

अवंतिकाबाई मुंबईच्या, सुभद्राकुमारी जबलपूरच्या आणि लिहिणार हिंदीत. आपल्या वाशिमच्या गीता साने म्हणाल, तर १९३६ ची त्यांची ‘निखळलेली हिरकणी’ ही कादंबरी बाईच्या कोंडमाऱ्यावर आहे, इंग्रजांवर नाही. फलक गावचा आहे. त्यावर आधी गावच्या बाया पाहिजेत.

दर्यापूरकडची बाई
भाऊ, पणजींचा विळा खरा आहे आणि त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पुसदला अमुक तारखेला गवत कापायचं, ही खबर गावोगाव गेली कशी? कुणीतरी लिहिलं, कुणीतरी पारावर वाचून दाखवलं, मग ती चुलीपर्यंत गेली. वाचता न येणाऱ्यालाही ऐकता येतं. आणि कोंडमाऱ्याचं म्हणाल, तर घराचा उंबरठा ओलांडू न देणाऱ्या काळात बाईनं कादंबरी छापणं मला तरी लहान वाटत नाही. मात्र गीताबाईंना ओढूनताणून सैनिक करणार नाही, एवढं तुमचं मान्य.

मोर्शीची आजी
माह्या नातवाकडून लिहून घेतो हाय. तुमी दोघंही कागदाचंच बोलून राह्यले. आमची माय पहाटी जात्यावर बसे तं गांधीबाबाच्या ओव्या म्हने. कोनी शिकवल्या नाईत, दळता दळता जुळवे. शेजारची बाई ऐके, तिच्या जात्यावर दुसरी ओवी होये. ते बी लिहिनंच हाय ना बावा? फक्त दौत नव्हती. तिचं नाव कोनत्याच पुस्तकात नाई, म्हनून मले वाटते का ‘असंख्य’ वाली ओळ खोडू नका.

हिंगणघाट स्टेशनजवळचा
सगळेजण एकच स्वातंत्र्य धरून चाललेत, म्हणून लिहितो. नागपूरला तुळसाबाई बनसोडे ‘चोखामेळा’ वृत्तपत्र चालवत होत्या. जाईबाई चौधरी हमाली करून शिकल्या आणि मुलींची शाळा काढली. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषद नागपूरला भरली, तेव्हा दलित स्त्रियांची जेवणाची पंगत वेगळी बसवली गेली. जाईबाईंनी उघड निषेध केला. पुढे २० जुलै १९४२ ला, ‘चले जाव’च्या जेमतेम तीन आठवडे आधी, नागपुरातच दलित महिला परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, बाया २०-२५ हजार. या बायांना कोणत्या फलकावर घेणार?

कापूसवाला, पुसद
भाऊ, त्यांचं काम मोठंच आहे. पण या बाया सत्याग्रहाच्या चळवळीत नव्हत्या. ज्यांनी स्वतः कधी सत्याग्रही म्हणवून घेतलं नाही, त्यांना आपण आपल्या हौसेनं ‘स्वातंत्र्यसैनिक’ रंगवायचं, हा त्यांच्यावरच अन्याय नाही का?

हिंगणघाट स्टेशनजवळचा
बरोबर बोललात. मी ते मागतच नाही. तुळसाबाई ‘चोखामेळा’ चालवणाऱ्या म्हणून लिहा, जाईबाई शाळा काढणाऱ्या म्हणून. पण मग फलकाचा मथळा बदलावा लागेल. ‘स्वातंत्र्यसैनिक’ काढा, ‘स्वातंत्र्याच्या काळातली माणसं’ लिहा. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द एकट्या काँग्रेसचा नव्हता.

दर्यापूरकडची बाई
मथळ्याला समिती तयार होईल की नाही, सांगता येत नाही. मी उद्या मांडते. पेंटर सोमवारी येणार आहे, फलक ६ फूट बाय ४ फूट, जागा खूप आहे. अवंतिकाबाई आणि सुभद्राकुमारींवर मी अडून बसणार, शेजारी तुळसाबाई, जाईबाई. आजी, ‘असंख्य’ची ओळ राहील, आणि जात्यावरच्या ओव्यांचा उल्लेखही घालायला सांगते. कापूसवाले भाऊ, फलक आमच्या गावचा असला तरी तुमच्या पणजींचं नाव मला कळवा. आडनाव, गाव, सगळं नीट लिहून पाठवा.

कापूसवाला, पुसद
लिहिणाऱ्या बायांबद्दल माझं मत अजून तेच आहे. पण नाव पाठवतो. एक अट. बायांची रांग खाली वेगळी नको, १४ नावांच्या मधोमध लिहा. वरच्या नागपूरच्या पंगतीचं वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही.