सीमेन्स क्लब विसरू नका

कंटेनर बोटीवर गेलेल्या पोराला परदेशातलं शहर म्हणजे नुसत्या क्रेन दिसतात, असं बोटीवरची बरीच मंडळी म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. बोट धक्क्याला जेमतेम दिवसभर थांबते, त्यात कार्गो वॉच, म्हणजे माल चढ-उतारावर लक्ष ठेवायची पाळी, हे खरंच. पण सीमेन्स क्लबबद्दल, म्हणजे बंदरातल्या खलाशांच्या विसाव्याच्या जागेबद्दल, कुणीच बोलत नाही. जर्मनीत हॅम्बुर्ग बंदराच्या वाल्टर्सहोफ भागात 'डुकडाल्बेन' नावाचा असा क्लब आहे, १९८६ पासून चालू. फोन केला की त्यांची गाडी न्यायला येते, फुकट. आत वायफाय, बिलियर्ड्स, आणि एका खोलीत वेगवेगळ्या धर्मांची प्रार्थनेची जागा शेजारी-शेजारी.

आमच्याच बोटीवरच्या फिलिपिनो ऑइलरशी माझी गट्टी तिथे जमली. ऑइलर म्हणजे इंजिनरूममधला खलाशी; तो इंजिनवर, मी डेकवर. बोटीवर धड बोलणंच होत नसे. दाभोळहून नेलेली सुकट त्याने कांदा-टोमॅटोत अशी परतली की गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, भाताचं पातेलं रिकामं! पुढच्या खेपेला दोघं एल्बे नदीखालच्या १९११ सालच्या बोगद्यातून पायी शहरात गेलो, संध्याकाळभर भटकलो.

आपल्या गुहागर-दाभोळकडची जी पोरं आता जॉइन होतायत, त्यांनी बंदर यायच्या आधीच शोअर लीव्ह, म्हणजे बंदरात उतरायची सुट्टी, मागून ठेवावी. कामाच्या सोयीने का होईना, ती द्यायलाच हवी असं एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातच आहे.