चर्चा: "उपास आहे", "रोजा आहे", "पित्त झालंय" – पोरी जेवत नाहीत, आणि आपण मान डोलावतो

खानावळवाली काकी, रत्नागिरी
बारा वर्षं कॉलेजच्या मुलींची खानावळ चालवते. सध्या एका टेबलावर तिघी बसतात. हर्णैची कोळ्यांची पोर: आज मंगळवार, उद्या संकष्टी, परवा गुरुवार. दाभोळची मुसलमान मुलगी रमजानचे सुटलेले रोजे पुरे करतेय, ते काही संपत नाहीत. संगमेश्वरकडच्या कुणब्याच्या मुलीला कायम पित्त. तिघींची कारणं अशी, की घरात कुणी खोडून काढणार नाही. उपास नसेल त्या दिवशी हर्णैची पोर बांगड्याचा तुकडा मैत्रिणीच्या ताटात सरकवते आणि भात बोटांनी ताटभर पसरते, खाल्ल्यासारखा दिसावा म्हणून. पित्तवालीच्या बोटांच्या सांध्यांवर वण दिसले. मला वाटलं, चटका बसला असेल. ओळखीच्या नर्सबाई म्हणाल्या, सारख्या उलट्या काढणाऱ्या मुलींना दात लागून असे वण पडतात. तेव्हापासून झोप नीट नाही.
माझं म्हणणं एवढंच: शाळेत सगळ्यांसमोर वजन मोजणं आणि घरी अंगावरून बोलणं आधी बंद करा.

दापोलीकर
काकी, हे शहरातलं दुखणं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. आमच्याकडे कातकरी वाडीतल्या पोरींना पोटभर मिळत नाही, त्यांचं आधी बघा. आणि व्रत, रोजा ही श्रद्धा आहे. त्यात आजार शोधू नका.

आरोग्यसेविका, देवगड
शहरातलं म्हणता? फिजी बेटांवर भरलेलं अंग चांगलं मानत. नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधक बाईंनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनासाठी उलट्या काढणारी आधी एकही नव्हती, तीन वर्षांत ११.३ टक्के झाल्या. आपल्या वाड्यांवर तर प्रत्येक हातात मोबाइल आहे. शिवाय रक्त कमी असलेली आणि जेवण टाळणारी मुलगी एकच असू शकते. लोहाची गोळी देताना "काल रात्री काय जेवलीस?" एवढं तरी विचारावं. उलट्यांनी पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडतात, अंग भरलेलं दिसत असलं तरी.

राजापूरची आई
आता कुणी म्हणेल, शाळेतच याबद्दल शिकवा. नका शिकवू, हात जोडून सांगते. माझ्या मुलीला असले प्रकार ठाऊकच नव्हते, एका व्हिडिओतून कळले. अजून सावरतोय आम्ही.

आरोग्यसेविका, देवगड
ताई, तुमची भीती रास्त आहे. जेवण टाळायचे प्रकार आणि वजनाचे आकडे सांगूच नयेत. मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांच्या 'बॉडी प्रोजेक्ट' या कार्यक्रमात मुलीच बारीकपणाच्या हट्टाविरुद्ध बोलतात, लिहितात. त्याचा उपयोग होतो हे तपासलेलं आहे. आपल्या मुलींना विचारा: बघायला आलेल्यांनी "जरा बारीक हो" म्हटलं, तर काय सांगशील?

शिक्षिका, दाभोळ
दापोलीकरांना सांगते, आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, हे आमच्या घराघरांत माहीत आहे. पण हे घरातल्या मोठ्या बाईनं सांगितलं तर पोर ऐकेल. बाहेरून कुणी येऊन रोज्यावर बोट ठेवलं, तर सगळं घर तिच्या बाजूनं उभं राहील आणि आजार तसाच राहील. कोळीवाड्यात कोळणीनं बोलावं, आमच्यात आम्ही.

दापोलीकर
वजनाचं पटलं. माझ्या मुलीचं वजन वर्गात मोठ्यानं वाचलं होतं, ती दोन दिवस शाळेत गेली नाही. पण गावात पैसा आणि माणसं मोजकी आहेत. ती आधी वाडीवर लागावीत, यावर मी ठाम आहे.

खानावळवाली काकी, रत्नागिरी
वाडीवर लागावीतच. मी मागते त्याला पैसा लागत नाही.
पित्तवालीला काल डॉक्टरकडे नेलं. १४४१६ वर, टेलिमानस या मनाच्या दुखण्यांसाठीच्या सरकारी फोनसेवेला, तिच्या शेजारी बसून फोन केला. मराठीत बोलतात. हर्णैच्या आईलाही सांगितलं, गणपतीला पोर आली की दारातच "केवढी वाळलीस गो" म्हणू नका, शेजारी बसून जेवा. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मग बोलू काय तिच्याशी?"
म्हटलं, होडी कधी सोडली ते सांगा.